लेड सल्फाइडचे क्वांटम डॉट्स: घोडं फ्लास्कमध्ये अडलंय की फॅबमध्ये?

रसायनवेडा: कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला १.१ मायक्रॉनपेक्षा लांब तरंगलांबीचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश दिसत नाही. पुढे १.७ पर्यंत इंडियम गॅलियम आर्सेनाइड चालतं, पण ते महागड्या वेफरवर (पातळ चकतीवर) वाढवून सिलिकॉनच्या चिपला पिक्सेलगणिक जोडावं लागतं. लेड सल्फाइडचे नॅनोकण, म्हणजेच क्वांटम डॉट्स, थेट चिपवर पसरता येतात. तरी ते सर्रास का नाहीत? माझ्या मते घोडं चिपच्या कारखान्यात (फॅबमध्ये) नाही, फ्लास्कमध्येच अडलंय. गरम लेड ओलिएटमध्ये (ओलेइक आम्लाच्या शिशाच्या क्षारात) गंधकाचं द्रावण सिरिंजने झटक्यात सोडलं की डोळ्यांदेखत सगळं काळं होतं. ५० मिलिलिटरला हे जमतं. ५ लिटरला सगळीकडे सारखं मिसळेपर्यंत कण जन्माला येऊन गेलेले असतात, मग आकार एकसारखे कुठून येणार? आणि कण कोणता प्रकाश टिपणार ते तर आकारावरच ठरतं. २०१५ साली कोलंबिया विद्यापीठात ओवेन यांच्या गटाने गंधक पुरवायला थायोयुरिया ही संयुगं वापरून दाखवलं, तीच खरी वाट. थायोयुरियाच्या रेणूवरचे अणुगट बदलले की अभिक्रियेचा वेग बदलतो, आणि वेगावर कणांचा आकार ठरतो. हाताच्या चपळाईवर काही राहत नाही.

फॅबवाला: अहो, पण लिटर हवेत कुणाला? हिशोब करा. ३०० मिलिमीटरचा वेफर, त्यावर ५०० नॅनोमीटरचा थर. अख्खा थर भरीव धरला तरी पाव ग्रॅमच्या आसपास माल! स्पिन कोटिंगमध्ये (वेफर गरगर फिरवून थर पसरवताना) बराचसा उडून जातो हे धरूनही छोट्या बॅचेस पुरतात. त्या एकत्र मिसळा नि कामाला लागा. खरी डोकेदुखी पुढेच आहे: कणांवरचं लांब साखळीचं ओलिएट काढून आखूड लिगँड (कणाला चिकटून राहणारे रेणू) बसवणं, थराला तडे जाऊ न देणं आणि हवेपासून जपणं.

रसायनवेडा: मिसळा म्हणे! १४५० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणाऱ्या बॅचेस मिसळल्या तर सरासरी १५०० येत नाही. मोठ्या कणांचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) कमी, त्यामुळे विद्युतभार तिथेच अडकून बसतात. पाव ग्रॅम लागो की पाव किलो, आज मिळालेला माल सहा महिन्यांनी हुबेहूब तसाच मिळायला हवा.

फॅबवाला: १४५० नि १५५० मिसळायला कोण सांगतंय? मोजून, जवळच्याच घ्यायच्या.

तिरकस_कोन: तुमचं चालू द्या. युरोपच्या रोएचएस नियमात (विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या) शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि इथे थराचा मुख्य घटकच शिसं. सवलतीच्या भरवशावर किती दिवस काढणार? इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉट्सकडे वळा.

रसायनवेडा: वळायला हरकत नाही. पण त्याचा नेहमीचा आर्सेनिक प्रिकर्सर (ज्यातून आर्सेनिक मिळतं ते संयुग) विषारी, वर हवेत पेट घेणारा. तो ५ लिटरच्या भांड्यात कोण ओतणार, तुम्ही?

तिरकस_कोन: मी नाही बुवा. पण म्हणूनच सांगतोय, थायोयुरियासारखी अक्कल तिथे लढवा. शिशाचं बरंच दळून झालंय.