हिरडा झाडावरचा की बाटलीतला?

परीक्षानळी
मी टिश्यू कल्चरच्या, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून बाटलीत पेशी वाढवण्याच्या लॅबमध्ये काम करते. सध्या माझ्या नशिबी हिरडा आहे. कोवळ्या देठाचा तुकडा माध्यमावर (बाटलीतल्या जेलीसारख्या खाद्यावर) ठेवला की दोन दिवसांत भोवतालची ती जेली, म्हणजे अगार, कोऱ्या चहाच्या रंगाचा होतो आणि आठवडाभरात तुकडा मेलेला असतो. हिरडा ज्यासाठी नावाजलेला आहे ती फिनॉलंच, म्हणजे त्यातली अँटीऑक्सिडंट रसायनंच, इथे नडतात. कापल्यावर ऑक्सिजनशी गाठ पडून त्यांची क्विनोनं होतात आणि ती पेशींच्याच जिवावर उठतात. उपाय काय, तर माध्यमात क जीवनसत्त्व घाला, नाहीतर कोळशाची पूड. अँटीऑक्सिडंट मिळवायला झाड वाढवायचं आणि ते वाढावं म्हणून त्यालाच अँटीऑक्सिडंट पाजायचं! हसा खुशाल.

जे तुकडे तगले त्यांना कॅलस आला, म्हणजे भिजवलेल्या रव्यासारखा पेशींचा गोळा. त्याचा अर्क डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात टाकून अर्धा तास अंधारात ठेवला, तर द्रावण पिवळं, म्हणजे अर्कात अँटीऑक्सिडंट आहेत. माझं म्हणणं असं की औषधी अर्क यापुढे बाटलीतच तयार करावेत. हंगामाची वाट पाहायला नको, भेसळ नको, रानावर ताण नको. कोणाला पटत नसेल तर बोला.

खलबत्ता
मला नाही पटत. हिरडा म्हणजे तुमचा पिवळा रंग नव्हे. तोच हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो आणि शिजवून घेतला तर उलट मळ बांधतो, असं भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिलंय. आम्ही फळ वापरतो. तुमच्या गोळ्याला ना साल, ना गर, ना आठळी. फळात चेब्युलिनिक आम्ल असतं, चेब्युलाजिक असतं, आणखी कितीतरी टॅनिनं, म्हणजे तुमची ती फिनॉलंच, असतात. ती सगळी त्याच प्रमाणात गोळ्यात आहेत का, हे पाहिलंत? की नुसता रंग उडाला म्हणून टाळ्या?

परीक्षानळी
@खलबत्ता, मुद्दा बरोबर आहे. एचपीएलसी, म्हणजे कोणतं रसायन किती आहे ते मोजणारी चाचणी, अजून व्हायचीय. कॅलस बिचारा अंधारात, लिटरला ३० ग्रॅम साखरेवर बसून खातो. ना ऊन, ना कीड. आयतं मिळाल्यावर संरक्षणाची रसायनं कशाला बनवील? म्हणून आम्ही मिथाइल जॅस्मोनेट देतो. किडीने कुरतडलं की झाड हाच निरोप आतल्या आत पाठवतं. निरोप खोटा, पण पेशी फसतात.

नस्ती_उठाठेव
दोघांचं भांडण ज्यावरून चाललंय तेच मला मान्य नाही. डीपीपीएच हे रेणू माणसाच्या शरीरात नसतातच. परीक्षानळीत रंग गेला म्हणजे रक्तात काही घडेल, असं कुठे आहे? अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट क्षमतेची यादी संकेतस्थळावर ठेवली होती, ती २०१२ मध्ये काढून टाकली. धंदेवाले ते आकडे जाहिरातीत छापत होते आणि त्यांचा तब्येतीशी संबंध सिद्ध होत नव्हता. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन हे अँटीऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त निघाला.

हिरड्याची मोठी टॅनिनं तर जशीच्या तशी रक्तात फारशी जातही नाहीत. आतड्यातले जिवाणू ती फोडून युरोलिथिनं बनवतात, आणि ते काम प्रत्येकाच्या पोटात सारखं होत नाही. त्यामुळे बाटलीतला की झाडावरचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कशासाठी?

खलबत्ता
आमच्याकडे हिरडा पोटासाठी देतात. अँटीऑक्सिडंट हा शब्द जाहिरातवाल्यांनी चिकटवला, आम्ही नाही.

नस्ती_उठाठेव
मग त्याबाबत आपलं भांडण नाही. (हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.)

डोंगरकडा
मी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला. ‘रानावर ताण’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. ताई, बाळहिरडा गोळा करताना आम्ही झाड तोडत नाही. उन्हाळ्यात कोवळी फळं काढायची, अंगणात वाळवायची, काळी सुरकुतली की पोती भरायची. आमच्याकडे झाडं वाटणीत येतात, आज्याचं झाड नातू झोडपतो. पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा तोच. जून २०२० च्या निसर्ग वादळात झाडं आडवी झाली तेव्हा ताण कोणावर आला ते येऊन बघायला हवं होतं. तुमची बाटली स्वस्त झाली तर व्यापारी आमच्या पोत्याकडे बघेल का?

आणि तो चहाचा रंग आम्हाला नवा नाही. ओला हिरडा कोयत्याने फोडला की पातं काळं पडतं.

परीक्षानळी
@डोंगरकडा, पातं काळं पडतं ते टॅनिन लोखंडाला धरतं म्हणून. प्रक्रिया वेगळी, पण गुन्हेगार तोच. बाटलीचा खर्च पाहता तुमच्या पोत्याला इतक्यात धोका नाही. एसी, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), शिवाय एका बाटलीत बुरशी शिरली की शेजारच्याही जातात. जपानमध्ये १९८३ पासून शिकोनिन हा लाल रंग पेशी वाढवून काढू लागले, तो परवडला कारण माल फार महाग होता. हिरडा तसा नाही. रानावरच्या ताणाबद्दल मी सरसकट लिहिलं, ते हिरड्यापुरतं मागे घेते.

पण नरक्या या रानझाडाचं काय? त्यातलं कॅम्पटोथेसिन हे रसायन कर्करोगावरच्या औषधांना लागतं. ते पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं काढलं वॉल आणि वाणी यांनी, १९६६ मध्ये. त्यातले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. आणि आपल्या सह्याद्रीत त्याच रसायनासाठी नरक्या मुळासकट जातो. तिथे तरी बाटली हवी की नको?

डोंगरकडा
नरक्याला हवी, जरूर करा. हिरड्याला बाटली नको, रोपं द्या. वादळात गेली तिथे लावायला झाडं नाहीत. बी टणक, रुजता रुजत नाही. तुमच्या त्या गोळ्याला फुटवा येतो का?

परीक्षानळी
अजून नाही. मोठ्या झाडाचे तुकडे फार काळे पडतात, कोवळी पालवी मिळाली तर बघता येईल.

डोंगरकडा
होळीच्या सुमारास या. झाडावर मी चढतो, तुम्ही बाटल्या आणा.