राउटरचे चॅनेल ३ वर ठेवावे की ६ वर?

प्रश्न:
आमच्या वाय-फाय राउटरचे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले चॅनेल (म्हणजे त्या पट्ट्यातला क्रमांक दिलेला छोटा भाग) आपोआप निवडीवर होते. संध्याकाळी व्हिडिओ अडखळू लागल्यावर मी मोबाइलमधील वाय-फाय अ‍ॅनालायझरने (आसपासचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत हे दाखवणाऱ्या अ‍ॅपने) पाहिले, तेव्हा शेजारचे पाच राउटर १ आणि ६ वर दिसले. मधले ३ मोकळे असल्याने तेच निवडले, पण वेग आणखी घटला. असे का व्हावे?

उत्तर १:
३ मोकळे दिसते, पण तसे नसते. या पट्ट्यात चॅनेलांमधील अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झ असते आणि प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते, त्यामुळे ३ वरचा राउटर १ आणि ६ या दोन्हींवर चढतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्यांना मात्र एकमेकांचा केवळ गोंगाट ऐकू येतो. म्हणून १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडावे. तुमच्याकडे ११ रिकामे दिसते. चॅनेलची रुंदीही २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. ४० ची हाव इथे अंगाशी येते.

उत्तर २:
व्हिडिओसाठी राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे अधिक बरे, मात्र भिंतींपलीकडे तो लवकर क्षीण होतो. त्यातली ५२ ते १४४ ही चॅनेले रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागताच राउटर चॅनेल सोडतो आणि जोडणी तुटल्यासारखी वाटते.

प्रश्नकर्ता:
११ आणि २० मेगाहर्ट्झ केले. काल संध्याकाळी व्हिडिओ एकदाही थांबला नाही. आभारी आहे.