मंगळावर हवा इतकी विरळ, मग खडक झिजतो कशाने?

गारगोटी: मंगळावर हवेचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास. वाहतं पाणीही नाही. तरी तिथले खडक घासल्यासारखे दिसतात. हे वाऱ्याचं काम की जुन्या पाण्याचं, कसं ओळखायचं?

वाळूघड्याळ: नुसता वारा जवळपास काहीच करत नाही. तिथल्या हवेची घनता साधारण ०.०२ किलो प्रति घनमीटर, म्हणून सेकंदाला ३० मीटरचा वारा पृथ्वीवरच्या ४ मीटरच्या झुळकेइतकाच रेटा देतो. झीज करते ती उड्या मारत जाणारी वाळू. गुरुत्व कमी असल्याने कण लांब उडी घेतो आणि वेगाने आपटतो. मारा जमिनीलगतच होतो, त्यामुळे खडक खालून पोखरला जातो.

वाऱ्याने कापलेल्या दगडाला सपाट पैलू, धारदार कडा आणि एकाच दिशेच्या खाचा असतात. अशाच टोकदार दगडांनी नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या फिरत्या यानाच्या चाकांचा ०.७५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडला.

पाण्यातले गोटे गोल. २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात असे गोटे सापडले. काही ४० मिमीपर्यंतचे. एवढा गोटा तिथला वारा वाहून नेईल? शक्यच नाही.

कातळ: एक भर. मऊ पंकाश्म (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आधी झिजतो, मग वरचा कठीण थर आधाराविना तुटतो आणि उभा कडा मागे सरकतो. गेलमधल्या एका पंकाश्माचं वय अब्जावधी वर्षं, पण वैश्विक किरणांनी बनलेल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) तो उघडा पडून जेमतेम ८ कोटी वर्षं झालीत.

गारगोटी: म्हणजे आधी दगडाच्या कडा पाहायच्या, गुळगुळीतपणा नंतर.

वाळूघड्याळ: हो, गुळगुळीत तर वाळूही करते.