फुगलेली जुनी विटांची भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आणावी की आहे तशीच बांधून घ्यावी?

प्रश्न
नमस्कार. चुन्यात बांधलेल्या एका जुन्या दुमजली इमारतीची लांब बाजूची भिंत पहिल्या मजल्याच्या पातळीवर बाहेरच्या अंगाला 70 मिलिमीटर फुगली आहे. भिंतीची जाडी 450 मिलिमीटर असून मजल्याच्या तुळया तिला समांतर जातात. जॅक लावून ती सरळ करता येईल, की उतरवून पुन्हा बांधावी लागेल?

प्रतिसाद १
तुळया समांतर आहेत, म्हणजे मजल्याने ही भिंत कधी धरलेलीच नाही, आणि दुखण्याचे मूळ बहुधा तिथेच आहे. छताच्या कैचीचा आडवा दांडा कुजला असेल तर वाशांचा रेटाही तिच्यावर येत असणार, तेव्हा तोही तपासावा. फुगवटा जुना व स्थिर आहे की वाढतो आहे, हे भेगांवर मोजपट्ट्या बसवून किमान एक वर्ष, म्हणजे सर्व ऋतूंत, नोंदवावे; भिंत धोक्याची वाटत असेल तर धिरे (तात्पुरते टेकू) मात्र आधी लावावेत. भाराची रेषा जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, येथे मध्यापासून 75 मिलिमीटरच्या आत, राहिली तर सांध्यांत ताण येत नाही. परंतु हा हिशेब भिंत एकसंध असेल तरच खरा. आतला पृष्ठभागही फुगला आहे का, ते ओळंबा लावून पाहिले आहे का?

प्रतिसाद २
सरळ करणे अशक्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या कॉन्झर्वात्वार दे आर्ट ए मेतिए या तंत्रविद्येच्या संस्थेत मोलार यांनी बाहेर झुकलेल्या समोरासमोरच्या भिंतींमधून लोखंडी सळ्या ओवल्या, त्या तापवून लांबल्यावर नट आवळले आणि थंड होताना आखडणाऱ्या सळ्यांकडून भिंती आत ओढून घेतल्या. (युक्ती म्हणून मला ती आजही फार आवडते.) आता हेच काम टर्नबकल (फिरवून सळई आवळणारा जोड) किंवा हायड्रॉलिक जॅक करतो. मात्र भेगांत पडलेला चुरा आधी काढावा लागतो, नाहीतर तो पाचरीसारखा अडून बसतो. तिला काटकोनात जोडलेल्या आडव्या भिंतींपासूनही ही भिंत तात्पुरती मोकळी करावी लागते. मग रुंद लाकडी पाटांवरून दाब वाटून, थोडे थोडे, मध्ये विसावा देत सरकवावे. चुन्याचे सांधे ही संथ हालचाल सोसतात. पूर्वी कोणी सिमेंटने दरजा (विटांमधल्या फटी) भरल्या असतील तर तिथे विटांच्या कडा उडतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आतला पृष्ठभाग ओळंब्यात आहे आणि फुगवट्यावर ठोकले असता पोकळ आवाज येतो. मग आत सिमेंटचे ग्राउट (पोकळीत ओतायचे पातळ मिश्रण) भरावे का?

प्रतिसाद १
तसे असेल तर बाहेरचा थर आतल्या थरापासून सुटला आहे आणि मधल्या पोकळीत चुरा साचला आहे. येथे जॅक वापरू नये, कारण दाबलेला थर त्या चुऱ्यावरच टेकेल. सिमेंटही टाळावे, ते जुन्या विटांच्या मानाने फार ताठर असते, ओल कोंडून ठेवते आणि क्षारही आणते. बाहेरून आधार द्यावा, दोन्ही थर स्टेनलेस स्टीलच्या पीळदार सळ्यांनी जोडावेत आणि मगच चुन्याचे पातळ ग्राउट कमी दाबाने, खालून वर, टप्प्याटप्प्याने भरावे. एका दमात भरल्यास ओल्या ग्राउटचाच दाब सुटलेला थर आणखी बाहेर ढकलतो. विटा हातालाच हलत असतील तर तेवढाच भाग उतरवावा आणि आडव्या, खोल जाणाऱ्या विटा घालून चुन्यात पुन्हा बांधावा.

एवढे झाल्यावर मजल्याची जोडणी करावी: भिंतीबाहेर लोखंडी पत्रा, त्यातून आत जाणारी सळई किमान तीन तुळयांपर्यंत न्यावी आणि त्या तुळयांच्या मध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. नुसती पहिल्या तुळईला अडकवलेली सळई त्या एकट्या तुळईलाच वाकवते.