एफडीटीडीत पीएमएल लावूनही भिंतीवरून लाट परत येतेय, काय करू?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, एमईचं प्रोजेक्ट चालूय, २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना (सपाट तांब्याच्या पट्टीचा) एफआर-४ वर, म्हणजे साध्या सर्किट बोर्डवर. एफडीटीडीचा, म्हणजे जागेचे सेल पाडून लाट पावलापावलाने मोजायचा, कोड पायथनमध्ये स्वतःच लिहिलाय. सहाही बाजूंना १० सेलचा पीएमएल (लाट शोषून घेणारा थर) आहे तरी पल्स निघून गेल्यावर प्रोबवर (जिथे फील्ड नोंदवतो त्या बिंदूवर) परत एक छोटा उंचवटा दिसतो आणि एस-११ चा (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचा) ग्राफ थरथरल्यासारखा येतो. सिग्मा (पीएमएलची कंडक्टिव्हिटी) वाढवली की उंचवटा कमी व्हायचा सोडून वाढतोच, हे कळत नाहीये. गाइड म्हणतात पीएमएलऐवजी मर (Mur) यांची जुनी शोषक बाउंड्री लाव नि मोकळा हो. लावू का?

घोडबंदरवाला:
मरवर नको जाऊस रे. १९८१ चं आहे ते, सरळ समोरून आलेली लाट छान घेतं, तिरकी आली की परत फेकतं, आणि अँटेनातून लाटा सगळ्या कोनांत जातात. बेरेंजरचा १९९४ चा पीएमएल भारी त्यासाठीच, कुठल्याही कोनात रिफ्लेक्शन शून्य. पण हे शून्य समीकरणात, ग्रिडवर नाही. ई आणि एच (इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड) अर्ध्या सेलच्या अंतराने बसतात त्यामुळे सिग्मा एकदम चढली की लाट त्या पायरीवरच आपटते, खाडीला उभी भिंत असली की पाणी उलटतं आणि उतरता काठ असला की विरतं तसं. सिग्मा पीएमएलमधल्या खोलीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या घाताने चढव. शेवटची किंमत म्हणजे घातात १ मिळव, ०.८ ने गुण, मग ३७७ ने (हवेचा वेव्ह इम्पिडन्स, ओहममध्ये) आणि सेलच्या मीटरमधल्या साइजने भाग. हवेला हे मस्त चालतं.

नेरुळची_मायक्रोवेव्ह:
सिग्माचं पटलं, पण मला संशय सबस्ट्रेटचा (पॅचखालच्या एफआर-४ बोर्डचा) येतोय. फीड लाइन, म्हणजे पॅचला सिग्नल देणारी पट्टी, कुठे संपते?

ऐरोलीकर:
ताई, लाइन आणि सबस्ट्रेट दोन्ही पीएमएलच्या अलीकडे थांबतात, पुढे हवा.

नेरुळची_मायक्रोवेव्ह:
मग तिथे ओपन सर्किटच झालं, लाइनवरची लाट तिथूनच उलटणार, पीएमएल बिचारा काय करेल! लाइन, सबस्ट्रेट, ग्राउंड तिन्ही पीएमएलमधून आरपार शेवटच्या सेलपर्यंत ने. पॅचच्या वर आणि बाजूंना निदान पाव वेव्हलेंग्थ, म्हणजे ३ सेंमी हवा ठेव, कारण जवळचं इव्हॅनेसंट (लांब न जाता जवळच विरणारं) फील्ड साध्या पीएमएलला नीट झेपत नाही, त्यासाठी रोडेन-गेडनींचा २००० सालचा सीपीएमएल (सुधारित पीएमएल) घे, त्यात अल्फा हा त्यासाठीचा जादा गुणांक असतो. आणि आधी एक कर, बॉक्स मोठा करून तोच पल्स परत सोड. उंचवटा उशिरा आला तर तो भिंतीकडूनच येतोय, जागेवरच राहिला तर पॅचचं स्वतःचं रिंगिंग (घंटेसारखं घुमत राहणं) आहे, मग पीएमएलला हात लावूच नको.