फटका बसला, पुढे काय केलंत? तुमचेही अनुभव लिहा

दोरा_सुई
काल रात्री कोणीतरी ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, याचा मेसेज टाकला आणि माझी झोपच उडाली. पाणी तसं इशाऱ्याच्या बरंच खाली आहे (४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, सांगलीत पोरांनाही हे पाढ्यासारखं पाठ). पण २०१९ चा ऑगस्ट आठवला.

हरभट रोडच्या मागे आमचं मॅचिंगचं दुकान. अस्तर, फॉल, दोरे, ब्लाउजपीस. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. ते ओसरल्यावर सासऱ्यांनी भिंतीवर ओल जिथवर चढली तिथे ऑइलपेंटने लाल रेघ मारली. पावसाळ्यात रेघेखाली माल ठेवायचा नाही, हा घरचा कायदा. २०१९ ला रात्रभर जागून आम्ही सगळं रेघेच्या वर चढवलं आणि निर्धास्त घरी आलो. पाणी ५७ च्याही वर गेलं.

आठवड्याने शटर उघडलं तर फॉलचे गठ्ठे एकमेकांचा रंग पिऊन सगळे एकाच मातकट जांभळ्या रंगाचे झालेले. मॅचिंगचं दुकान, आणि सगळंच मॅच! तेव्हा रडले, आता हसू येतं.

विमा होता, आगीचा. हप्ता जरा कमी बसावा म्हणून पुराचं कलम वगळायला आम्हीच सांगितलेलं. कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर राहून! आता पॉलिसी मी स्वतः वाचते, ओळ न् ओळ. मिस्टर म्हणतात, एवढं लक्ष तू पोथीत घातलं नाहीस.

तुमचं लिहा.

वाडीकर
आमच्या नरसोबाच्या वाडीत पाणी देवळात आलं की दक्षिणद्वार सोहळा, घरात आलं की पंचनामा 😄
दोन म्हशी गच्चीवर चढवल्या होत्या. चढताना काही नाही, उतरेनात की ओ. पाणी गेल्यावर पण चार दिवस वर वैरण नेत होतो. शेवटी वाळूची पोती रचून उतार केला. नवीन घराचा जिना रुंद घेतलाय. गवंड्यानं विचारलं कशाला, म्हटलं म्हशींना.

तिसरा_अटेम्प्ट
सीए फायनल. एका पेपरात ३८, लागतात ४०. बाबा पेढे आणायला निघाले होते, फोन करून सांगितलं पेढे राहू देत, भाजी आणा. त्यांनी दोन्ही आणलं. पाचव्यांदा सुटलो. आता ऑफिसातली आर्टिकलशिपची पोरं नापास झाली की माझी मार्कलिस्ट दाखवतो. पुढचं नंतर लिहितो, जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख डोक्यावर आहे.

पुदिना
जरा वेगळंच विचारते, पुरात भिजलेले फोटो सुटे कसे करायचे? आईच्या लग्नाचा अल्बम पाच वर्षं तसाच पिशवीत आहे, हात लावायचं धाडस होत नाही.

रोल_३६
@पुदिना ओढू नका. आधी जसा आहे तसा मोबाईलवर टिपून ठेवा. मग नको असलेला एखादा फोटो गार स्वच्छ पाण्यात ठेवून बघा, आपोआप सुटला तर पुढचे घ्या. चित्राची बाजू वर, सावलीत वाळवा. उन्हात अजिबात नको.

साठ_दिवस
न्यू जर्सी. एच-१बी व्हिसावर होतो, सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिनच बंद. ६० दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर बोऱ्या बिस्तर. आईला सांगितलं नव्हतं. रोज व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. विसाव्या दिवशी ती म्हणाली, "शर्ट तीनच आहेत का रे? नोकरी गेली असेल तर सांग, ओरडणार नाहीये." ५१ व्या दिवशी काम मिळालं, पगार कमी. शर्ट मात्र आता रोज बदलतो 😅

बिनसाखर
मला मेलीला काही शिकायला मिळालं नाही. नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा तो ४४ चा होता. येणारं जाणारं जो तो म्हणे, "यातून तू किती खंबीर झालीस." झाले नाही हो. दमले. तो आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातो, तेवढंच.

दोरा_सुई
@बिनसाखर अगं, नाही मिळालं तर नाही मिळालं. व्यनि (खाजगी मेसेज) करते. संध्याकाळी फोनवर बोलूया का?

बिनसाखर
कर. ७ नंतर, त्याचा फिजिओ झाला की.

वाडीकर
@दोरा_सुई लाल रेघ आहे का अजून?

दोरा_सुई
आहे. ५७ ची दुसरी मारायला सासरे स्टुलावर चढले होते, पण हात पुरेना. मी मारली, वाकडी आलीय.
चला, कोणीतरी अस्तराचे गठ्ठे परत खालच्या फळीवर ठेवलेत. उचलून येते.

पुदिना
एक सुटला!! आजीचा. नथ दिसतेय.