बीगल सटकतो आणि गच्चीवरचं वाळवण खातो, काय करू?

गोट्याचीआई:
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. आमचा गोट्या, बीगल जातीचा कुत्रा, अडीच वर्षांचा, राहणार कोथरूड, धंदा चोरी. आत्तापर्यंत घरातल्या घरात चालायचं म्हणून हसण्यावारी नेलं, पण आता प्रकरण सोसायटीत गेलंय.

परवा सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं आणि हा माझ्या पायांमधून सटकला. मला वाटलं खालीच गेला असणार म्हणून मी अनवाणी चार मजले खाली, तर वॉचमन म्हणे मॅडम इकडे नाही आला. तेवढ्यात वरून किंकाळी. सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत साबुदाणा बटाट्याच्या चकल्या घातल्या होत्या, पहाटे पाचला उठून, वरून जुनी साडी झाकलेली आणि चारही कोपऱ्यांना विटा. गोट्याने वीट हलवली नाही, साडी फाडली नाही, अलगद साडीखाली शिरला. मी पोचले तेव्हा साडीखालून एक फुगवटा सावकाश पाण्याच्या टाकीच्या दिशेने सरकत होता आणि त्याच्या मागे प्लास्टिकवर नुसते ओले गोल गोल ठसे. काकू रडायच्या बेतात. मी पण.

हाक मारली की थांबतो, वळून नीट माझ्याकडे बघतो, खात्री करून घेतो की मीच आहे आणि मग दुप्पट जोरात पळतो. घरात ओट्यावरच्या पोळ्या, तुपाची वाटी, मुलाच्या दप्तरातला डबा, सगळं झालंय. वजन १६ किलो, डॉक्टर म्हणतात १२ च्या आसपास आणा. सासूबाई म्हणतात मुका जीव आहे, खाऊ दे.

तर सांगा, हा सुधारतो का? हाक मारल्यावर यायला कसं शिकवायचं? आणि चोरून खाल्लेल्यातलं खरंच घाबरण्यासारखं काय असतं? मारा असं सांगू नका आणि कोणाला तरी देऊन टाका असं तर अजिबातच नको.

ओंकारेश्वरचा_पूल:
सल्ला नाही, फक्त चौकशी. चकल्यांना मीठ बरोबर होतं का काही कळलं का त्याच्याकडून?

दोनलॅब_एकनवरा:
वरच्यांकडे दुर्लक्ष करा :) आमच्याकडे दोन लॅब (लॅब्रेडॉर) आहेत म्हणजे खाण्याच्या चोरीत माझी पीएचडी धरा. लॅबचं तरी शास्त्रीय कारण सापडलंय, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्त मागे असतात, वजनही जास्त. आमची थोरली नक्की त्यातली, जेवून उठली की लगेच उपाशी चेहरा. बीगलचं प्रकरण नाकाचं आहे, ती जात सशाच्या वासावर तासन्‌तास धावायला तयार केलेली, त्यामुळे वास लागला की तुमचा आवाज त्याला ऐकू येतो पण तो मनावर घेत नाही.

आता कामाचं. तो चोरी करतो कारण चोरीत मिळतं. वीस वेळा ओटा रिकामा आणि एकविसाव्या वेळी पोळी, एवढ्यावर तो पुढचा महिना रोज पुढचे पाय ओट्यावर टेकवून बघणार, लॉटरीवाल्यासारखं. म्हणून आधी ट्रेनिंगचा विचार नको, आधी दुकान बंद करा. पोळ्यांचा डबा झाकणवाला, कचऱ्याचा डबा सिंकखालच्या कपाटात आणि त्या कपाटाला लहान मुलांसाठी मिळतं ते लॉक, दप्तर खुंटीवर. स्वयंपाकघराच्या दाराला बाळांसाठीचं फाटक. घरातल्या सगळ्यांनी दोन महिने इमानदारीत पाळायचं. ट्रेनिंग कुत्र्याचं कमी आणि घरच्यांचं जास्त असतं, आमच्याकडे तर नवराच नापास झालेला.

आणि एक, ताटातलं देणं बंद. सासूबाईंसकट.

एडिसनची_मावशी:
अहो तुमच्या गोट्याच्या भाऊबंदांना इकडे सरकारी नोकरी आहे! अमेरिकेत एअरपोर्टवर सामान हुंगायला बीगलच असतात, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं ते. मागे आई आली तेव्हा बेल्टजवळ हिरवं जॅकेट घातलेलं एक गोंडस बीगल आलं आणि तिच्या बॅगेपाशी शांतपणे बसलं. आईला वाटलं लाडात आलंय, ती त्याला म्हणते काय रे बाळा, भूक लागली का. बॅगेत निघाली कढीपत्त्याची जुडी, साडीच्या घडीत, तीन पिशव्यांच्या आत. जुडी जप्त. आई अजून त्या कुत्र्याला फितूर म्हणते.

सांगायचा मुद्दा, ते नाक वापरायला काम द्या नाहीतर ते स्वतः काम शोधतं. जेवण वाडग्यात देणं बंद करा, जुना टॉवेल घेऊन त्यात दाणे पसरून गुंडाळी करून द्या, घरभर लपवून ठेवा. दहा मिनिटं हुंगलं की आमचा तासभर झोपतो. चालून एवढा दमत नाही.

मुपो_श्रीगोंदा:
आमच्याकडं कारवान आहे, शेतावर. ते नजरेनं पळणारं कुत्रं, लांब ससा हलला की संपलं, आपण नुसतं धुळीकडं बघायचं. तुमचं वासाचं आहे म्हणजे ते खाली मान घालून जातं, निदान सापडतं तरी.

दोन गोष्टी अनुभवाच्या. मागं पळू नका, कधीच नाही. तुम्ही मागं पळालात की त्याला वाटतं शिवाशिवी चालू झाली, आणि चार पायाच्या पुढं दोन पायाचं काही चालत नाही. उलट्या दिशेनं पळा ओरडत, नाहीतर खाली बसा आणि जमिनीत काहीतरी भारी सापडल्यासारखं करा. आमचा चिमण्या तर मोटरसायकल चालू केली की जिथं असेल तिथनं येतो, त्याला टाकीवर बसून फिरायची सवय.

दुसरं म्हणजे परत आल्यावर रागवायचं नाही. दोन तासांनी आला तरी नाही. आमच्या आण्णांनी एकदा आल्यावर चपलेनं हाणला, पुढच्या वेळेला बांधावर बसून राहिला संध्याकाळपर्यंत, घराकडं बघत, पण आला नाही. त्याच्या हिशोबात मार पळाल्याचा नव्हता, आल्याचा होता.

रोखठोक६७:
फार लाड चाललेत. आमच्या वेळी कुत्री अंगणात साखळीला असायची, शिळी भाकरी खायची आणि घर राखायची. एक रट्टा दिला की आयुष्यात ओट्याकडे बघणार नाही.

दोनलॅब_एकनवरा:
@रोखठोक६७ काका, रट्टा दिला की तुम्ही असताना बघणार नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की बघणार, आणि आता पटापट गिळणार, कागदासकट. आमच्या धाकटीने तसंच एकदा फॉइल गिळलंय. तोंडातून हिसकावायला गेलात तर पुढे गुरगुरणं पण सुरू होतं, तो वेगळाच ताप.

गुरांची_नि_मांजरांची_डॉक्टर:
तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, रोजचंच आहे.

चकल्यांनी बहुतेक काही होणार नाही, मीठ मिरची आहे त्यामुळे पाणी भरपूर ठेवा, उलट्या जुलाब दिसले तर दाखवा. घाबरायचं ते यांना. मनुके, बेदाणे, द्राक्षं: काही कुत्र्यांच्या किडन्या थोड्याशा खाण्यानेही निकामी होतात, कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे शिऱ्यातले चार बेदाणे काय करणार असं म्हणू नका. कांदा लसूण कच्चा शिजलेला दोन्ही वाईट, तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास कधीकधी तीन चार दिवसांनी दिसतो, तोवर घरचे विसरलेले असतात की याने भज्यांचं पीठ चाटलं होतं. चॉकलेट जितकं कडू तितकं जास्त विषारी. शुगरफ्री च्युइंगगम आणि गोळ्यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्याने अर्ध्या तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरू शकते, आजीआजोबांच्या पर्समधलं बघा जरा. यीस्ट घातलेलं पावाचं कच्चं पीठ पोटात फुगतं. मटणाची शिजलेली हाडं फुटून टोकं होतात.

आणि जे कुणीच लिहीत नाही ते, आंब्याची कोय. दर मे महिन्यात येतात. आमरसाचा बेत, कोयी डब्यात, कुत्रं डब्यात, आणि कोय आतड्यात अडकते, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मक्याच्या कणसाचा दांडा पण तसाच. पावसाळ्यात टेकडीवर लोक कणसं खाऊन दांडे टाकतात, फिरायला नेताना खाली लक्ष ठेवा.

खाल्लं असं कळलं की मिठाचं पाणी पाजू नका, घरी उलटी काढू नका, मिठानेच मेलेली कुत्री पाहिलीत. फोन करा, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते सांगा, पाकीट असेल तर घेऊन या. बऱ्याच गोष्टींत पहिले एक दोन तास महत्त्वाचे असतात, त्यामुळे संध्याकाळी बघू असं करू नका.

आणि १६ किलो हे फार आहे हो. बीगलची पाठ आधीच नाजूक.

गोट्याचीआई:
डॉक्टर, कोयीचं वाचून आत्ता उठून डबा कपाटात टाकला, खरंच. बेदाण्यांचं पण माहीत नव्हतं, आमच्याकडे सत्यनारायणाचा प्रसाद त्याला पहिला मिळतो.

सासूबाईंचा प्रश्न मात्र अवघड आहे. त्या जेवायला बसल्या की हा त्यांच्या खुर्चीशेजारी, आणि टेबलाखालून चतकोर पोळी सुटते. विचारलं तर म्हणतात मी कुठे काय दिलं, पडली. रोज पडते.

शिट्टीवाला:
सासूबाईंना विरोध करू नका, नोकरीवर घ्या. त्याच्या रोजच्या खाण्यातलाच मूठभर भाग सकाळी एका डबीत काढून त्यांच्या हातात द्या, म्हणावं दिवसभर हेच द्यायचं, पण तो चटईवर बसलेला असेल तरच. एक चटई ठरवा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. चटईवर पोट टेकलं की आजी दाणा टाकते, उठला की दुकान बंद. आमच्या आईने आठवड्यात शिकवलं, मला सहा महिने जमलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांकडे वेळ असतो आणि चिकाटी असते.

आता हाकेचं. 'गोट्या ये' हे शब्द फुकट गेले, सोडून द्या, त्यांचा अर्थ त्याच्यासाठी मजा संपली असा झालाय. शिट्टी घ्या साधी. पहिला आठवडा घरातच, शिट्टी वाजली की लगेच उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, त्याने काही केलं नसलं तरी. मग दुसऱ्या खोलीतून. मग खाली, पण मोकळा नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) दहा मीटरची लांब दोरी, गळपट्ट्याला नको, झटका बसतो. दहा वेळा शिट्टीने बोलवा, त्यातले नऊ वेळा खाऊ देऊन परत जा खेळ म्हणून सोडा. लोक फक्त घरी न्यायलाच बोलावतात, मग कोण येणार. चिकन बिकन धरून त्याच्या जेवणातून तेवढं कमी करायचं, नाहीतर डॉक्टर मला शिव्या देतील.

तरी खरं सांगतो, बीगल रस्त्यावर दोरीशिवाय सोडायचा नाही, कितीही शिकला तरी. वासावर गेला की गाडी दिसत नाही त्याला. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला घाला, मायक्रोचिप बसवून घ्या आणि नंबर बदलला की नोंद बदला. चिप म्हणजे जीपीएस नाही, त्याने तो कुठे आहे ते कळत नाही, कोणी डॉक्टरकडे नेऊन स्कॅन केला तरच कामाला येते. नसबंदी झाली नसेल तर त्याबद्दल पण विचारा, नर कुत्र्यांचं मादीच्या वासावर भटकणं कमी होतं. चकल्यांचं होत नाही.

मुपो_श्रीगोंदा:
आजीला नोकरी हे भारी आहे. आमच्या आण्णांना पण देतो.

गोट्याचीआई:
पाच आठवड्यांनी हजेरी लावतेय. वजन १५.२. दाराच्या आत फाटक लावलंय त्यामुळे बाहेरचं दार उघडलं तरी मध्ये एक अडसर असतो, सटकणं पूर्ण बंद. शिट्टीवर घरात आणि पार्किंगमध्ये दहातले आठ वेळा येतो, टेकडीवर अजून पाचच.

सासूबाईंनी नोकरी फारच मनावर घेतली आहे. डबी कमरेला खोचलेली असते आणि परवा मीच स्वयंपाकघरात उभ्याने पोळीचा तुकडा तोंडात टाकला तर म्हणाल्या, बसून खा, तो बघतोय.

काकूंकडे दोन किलो साबुदाणा घेऊन गेले होते, आधी घेईनात, मग म्हणाल्या परत घालते पण तुम्ही राखणीला बसायचं. तर या रविवारी गच्चीत मी, छत्री, काठी (कावळ्यांसाठी) आणि दोरीच्या टोकाला गोट्या चटईवर. दोन तास हलला नाही. डोळे चकल्यांवर, लाळेचं थारोळं, पण हलला नाही. मी काकूंना कौतुकाने दाखवायला खाली हाक मारायला वळले तेवढ्यात छत्रीच्या आडून माझ्या पिशवीतलं उरलेलं चिकन गेलं, डबी बंद होती तरी.

कोणाला स्क्रूच्या झाकणाची छोटी डबी कुठे मिळते माहीत असेल तर सांगा, तुळशीबाग सोडून, तिथे पार्किंग मिळत नाही.